'वंश' या शब्दाची जबाबदारी

एम. ए.च्या वर्गात साहित्य आणि समाज यांच्या संबंधाचा घटक शिकवायला घेतला, की हिप्पोलिट तेन या फ्रेंच समीक्षकाला टाळून पुढे जाता येत नाही. इंग्रजी साहित्याच्या आपल्या इतिहासाला १८६३ साली त्याने जी प्रस्तावना जोडली, तिच्यात वाङ्मयनिर्मितीची तीन कारणे सांगितली आहेत. मराठीत ती 'वंश, परिस्थिती आणि काळ' अशी रूढ झाली. यांपैकी परिस्थिती आणि काळ यांवर आपण वर्गात बरेच बोलतो, उदाहरणे देतो, तेनच्या मर्यादाही दाखवतो. 'वंश' मात्र आपण नुसता सांगतो आणि विद्यार्थी उतरवून घेतात. जणू या शब्दाचा अर्थ प्रत्येकाने घरूनच आणलेला असतो.

काही वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, वंश म्हणजे जातच ना?" मी म्हणालो, "नाही, वंश ही जातीहून मोठी गोष्ट आहे." एवढ्यात तास संपला आणि मी सुटलो. 'सुटलो' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे, कारण माझे उत्तर चूक होते आणि त्या वेळी मला त्याहून बरे उत्तर ठाऊकही नव्हते. तिने विचारलेला प्रश्न मराठीच्या अभ्यासकांनी शंभर वर्षे एकमेकांना विचारायला हवा होता. काहींनी तो विचारलाही होता. पण आपण त्यांना मानववंशशास्त्राच्या कपाटात ठेवून दिले आणि तेनला समीक्षेच्या.

आधी शब्दाकडे पाहू. संस्कृतात वंश म्हणजे बांबू. पेरावर पेर चढत जाणारी वनस्पती हीच पिढ्यांची प्रतिमा झाली. मराठीत हा शब्द याच अर्थाने नांदत आला. सूर्यवंश, यदुवंश, वंशावळ, निर्वंश, वंशाचा दिवा हे सगळे शब्द एका घराण्याच्या नाव घेऊन सांगता येण्याजोग्या परंपरेविषयी बोलतात. आणि ही परंपरा केवळ रक्ताची नसते. कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेले यशवंतराव १८८४ साली दत्तकविधानाने कोल्हापूरच्या गादीवर आले आणि शाहू छत्रपती झाले. भोसल्यांचा वंश पुढे चालला, तो विधीने आणि समाजाच्या मान्यतेने. मराठी माणसाला यात काहीच विसंगत वाटले नाही. याचा अर्थ, आपल्या जुन्या शब्दाला हे पक्के ठाऊक होते की वंश ही माणसांनी आपसांत ठरवलेली गोष्ट आहे. त्यात विवाहाचे नियम येतात, वारसा येतो, दत्तक येतो, आणि कोणाचे नाव लावायचे हेही येते.

एकोणिसाव्या शतकात या घरात दुसराच एक भाडेकरू आला. इंग्रजीतल्या 'रेस' या शब्दाला प्रतिशब्द हवा होता आणि 'वंश' जवळ होता. पण 'रेस' नावाखाली युरोपात जे घडत होते, त्याचा घराण्याच्या परंपरेशी काही संबंध नव्हता. माणसांचे निसर्गतःच काही ठरावीक साचे आहेत. हाडे, कातडी, केस आणि नाक यांवरून ते ओळखता येतात. आणि बुद्धी, शील, प्रतिभा हे गुणही त्या साच्यांबरोबर पिढ्यान्पिढ्या उतरतात, असे ते प्रतिपादन होते. तेन याच अर्थाने 'वंश' म्हणतो. गंगेपासून हेब्रिडिज बेटांपर्यंत विखुरलेल्या आर्यांत तीस शतकांच्या उलथापालथीनंतरही रक्ताचे आणि बुद्धीचे ऐक्य टिकून आहे, असे त्याचे म्हणणे. म्हणजे आपण वर्गात जे त्रिसूत्र सांगतो, त्याचे पहिले सूत्र आर्यवंशाच्या सिद्धान्तावर उभे आहे. 'वंश' हा घरगुती शब्द वापरल्यामुळे ते आपल्या ध्यानात येत नाही. सूर्यवंशातला वंश आणि आर्यवंशातला वंश एकच वाटतो, आणि दुसऱ्याला पहिल्याची सहजता मिळून जाते.

विशेष म्हणजे ज्या माक्स म्यूलरमुळे 'आर्य' हा शब्द जगभर गेला, त्यानेच १८८८ साली बजावले होते, की 'आर्य' हे भाषांचे नाव आहे. भाषेवरून रक्त, केस किंवा कवटी ठरवणे हे कवटीच्या लांबीरुंदीवरून व्याकरणाचे वर्ग पाडण्याइतकेच हास्यास्पद आहे. पण तोवर उशीर झाला होता. आणि त्या गोंधळात त्याचाही वाटा होताच. ऋग्वेदात 'अनास' असा एक शब्द एकदाच येतो, दस्यूंचे विशेषण म्हणून. सायणाचार्यांनी तो 'अन् + आस' असा फोडला, म्हणजे तोंड किंवा वाणी नसलेले. म्यूलरने तो 'अ + नास' असा फोडला, म्हणजे नाक नसलेले, चपट्या नाकाचे. एका संधिविग्रहाच्या फरकाने दोन भाषांमधले अंतर दोन नाकांमधले अंतर झाले. बाबासाहेब आंबेडकरांनी शूद्रांच्या उत्पत्तीवरील आपल्या १९४६च्या ग्रंथात या विग्रहाची चिकित्सा केली आणि सायणांचा अर्थ उचलून धरला. भाषेच्या विद्यार्थ्यांना संधी सोडवणे कंटाळवाणे वाटते, तेव्हा त्यांना हे उदाहरण अवश्य सांगावे.

नाकाचा हा विषय शब्दापाशी थांबला नाही. हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने तो मोजपट्टीवर आणला. नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर, हा झाला नासिका-निर्देशांक. तो सत्तरच्या खाली असेल तर नाक चिंचोळे, सत्तर ते पंच्याऐंशी असेल तर मध्यम आणि त्यापुढे रुंद. बंगालमधील जातिजमातींवरचे त्याचे ग्रंथ १८९१ साली प्रसिद्ध झाले, १९०१च्या जनगणनेचा तो आयुक्त होता आणि १९०८ साली 'द पीपल ऑफ इंडिया' हे त्याचे पुस्तक निघाले. जातीचे सामाजिक स्थान नाकाच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे नाक जितके चिंचोळे तितकी जात वरची, असा जणू निसर्गनियमच त्याने मांडला. हिंदुस्थानच्या लोकांचे त्याने सात साचे पाडले आणि मराठी ब्राह्मण व कुणबी यांना, कूर्गी लोकांसह, 'शक-द्रविड' या कप्प्यात टाकले.

या पद्धतीचा दोष मापांच्या अचूकतेत नव्हता. मापे कदाचित बरोबरही असतील. दोष तिच्या क्रमात होता. जातींची उच्चनीचता आधी गृहीत धरली होती, तीही बहुतांशी वरच्या जातींच्या सांगण्यावरून. त्यानंतर त्या उतरंडीला जुळणारे शारीरिक लक्षण शोधले गेले. सापडले तेथे तो नियम ठरला; सापडले नाही तेथे 'मिश्रण' झाले असे म्हणता आले. ज्याला कोणताही पुरावा खोटे पाडू शकत नाही, त्याला आपण साहित्यात रूपक म्हणतो. शास्त्रात त्याला काय म्हणावे, हे शास्त्रज्ञांनी सांगावे.

महाराष्ट्रात या कल्पनेचे स्वागत दोन परस्परविरोधी टोकांकडून झाले, हेही नोंदवले पाहिजे. टिळकांनी १९०३ साली वेदांतील उल्लेखांवरून आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ नेऊन ठेवले. त्याच्या तीस वर्षे आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त आर्यांच्या आगमनाचीच कथा उलटी करून वाचली होती. आलेले ते विजेते नव्हेत, आक्रमक; आणि इथले ते हीन नव्हेत, बळीराजाची प्रजा. या दोहोंना एका मापात तोलणे चुकीचे होईल. फुल्यांना नाके मोजायची नव्हती. धर्माच्या आधाराने लादलेली गुलामी कशी निर्माण झाली याची गोष्ट त्यांना सांगायची होती. त्यांनी ते पुस्तक अमेरिकेत गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. त्या अर्पणपत्रिकेत मला पुढे जाण्याची एक वाट दिसते. तिच्याकडे मी पुन्हा येईन. तूर्त एवढेच, की ज्या कथेने एकाला श्रेष्ठत्व दिले तीच दुसऱ्याने न्यायासाठी वापरली, तरी कथेचे कथेपण शिल्लक राहिलेच.

ते कथेपण ज्याने सर्वप्रथम नेमके ओळखले, तो पंचवीस वर्षांचा एक मराठी विद्यार्थी होता. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. ते फ्रान्झ बोआस यांचे कोलंबिया होते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या परदेशी कुटुंबांतील सुमारे अठरा हजार माणसांची मापे घेऊन बोआस यांनी नुकतेच दाखवले होते, की वंशाचे अढळ लक्षण मानली गेलेली डोक्याची ठेवण अमेरिकेत जन्मलेल्या मुलांत बदलते. आंबेडकरांनी भारताविषयी वेगळ्या वाटेने त्याच दिशेचे विधान केले. युरोपीय अभ्यासकांनी जातीच्या विचारात वर्णाला, म्हणजे कातडीच्या रंगाला, अवास्तव महत्त्व दिले आहे. भारतातील लोक मिश्र आहेतच. जातीचे सार आहे ते गटातच विवाह करण्याच्या सक्तीत. मुळात गोत्राबाहेर विवाह करणाऱ्या समाजावर जातीतच विवाह करण्याचा नियम लादला गेला आणि त्यातून जात घडली. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथांकडे त्यांनी ती सक्ती टिकवण्याची साधने म्हणून पाहिले.

या मांडणीचे महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही, असे मला वाटते. रिस्लेच्या मते शरीर आधी आणि समाज नंतर. आंबेडकरांनी क्रम उलटा केला. आधी नियम, मग गट, आणि गट पिढ्यान्पिढ्या बंद राहिला की कदाचित काही शारीरिक सारखेपणा. जात ही वंशातून निपजत नाही. वंशासारखे दिसणारे जे काही असेल, ते जातीतून निपजते. पुढे १९३६ साली त्यांनी विचारले, की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा अस्पृश्य यांच्यात कोणता वांशिक भेद आहे? आणि पंजाबचा ब्राह्मण व मद्रासचा ब्राह्मण यांच्यात कोणते वांशिक साम्य आहे? १९४८ साली अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी नासिका-निर्देशांकाचे तक्तेच हाती घेतले आणि मोजपट्टीवाल्यांना त्यांच्याच मोजपट्टीने उत्तर दिले. मापे खरी मानायची तर ब्राह्मण आर्य असल्यास अस्पृश्यही आर्य ठरतात, आणि ते द्रविड असल्यास हेही द्रविड.

ते तक्ते त्यांनी घेतले गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडून. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र रुजवणाऱ्या घुर्ये यांनी १९३२च्या आपल्या ग्रंथात रिस्लेचा नियम तपासला. उत्तर हिंदुस्थानचा काही प्रदेश वगळता नाक आणि जातीची प्रतिष्ठा यांची सांगड कोठेच नीट लागत नाही, असे त्यांना आढळले. उत्तरेपुरता वंशभेद त्यांनी मानला, हे खरे. पण मोजपट्टी भारतभर चालत नाही, हे त्यांनी आकड्यांनीच दाखवले.

घुर्ये यांची एक विद्यार्थिनी या गोष्टीतले सर्वांत अवघड पात्र आहे. 'युगान्त'मुळे इरावती कर्वे आपल्याला, साहित्यवाल्यांना, आपल्या वाटतात. त्या मूळच्या कवट्या मोजणाऱ्या शास्त्रज्ञ होत्या हे आपण विसरतो. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या. तेथील कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. जर्मनीच्या आफ्रिकेतील वसाहतीत मिश्र विवाहांतून जन्मलेल्या लोकांचा अभ्यास करून फिशर यांनी नाव मिळवले होते. १९३३नंतर याच संस्थेने नाझी राजवटीच्या वंशधोरणावर शास्त्राची झूल पांघरली. श्वेतवर्णीय युरोपियांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत एक खास असमानता असते आणि तिचे नाते त्यांच्या कथित बौद्धिक श्रेष्ठत्वाशी आहे, अशी फिशर यांची अटकळ होती. विषय इरावतीबाईंकडे आला. त्यांच्या टेबलावर युरोपियांच्या आणि आफ्रिकेतील वसाहतींतून आणलेल्या लोकांच्या कवट्या होत्या. त्या त्यांनी मोजल्या आणि निष्कर्ष लिहिला, की या असमानतेचा वंशाशी संबंध आढळत नाही.

परक्या देशातली पंचविशीच्या आतबाहेरची एक मुलगी, आणि मार्गदर्शक त्या क्षेत्रातला सत्ताधीश. शास्त्रातल्या प्रामाणिकपणाचे याहून चांगले उदाहरण मराठी वाचकाला शोधावे लागू नये. पण गोष्ट येथे संपवली तर ती गोड होईल, खरी होणार नाही. कारण त्याच इरावतीबाई मायदेशी परतल्या तेव्हा मोजमापाची पद्धतही त्यांच्याबरोबर आली. डेक्कन कॉलेजात राहून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत त्यांनी वर्षानुवर्षे जातींची आणि जमातींची शारीरिक मापे घेतली. फिशर यांचे उत्तर त्यांनी नाकारले. त्यांचा प्रश्न मात्र पुष्कळ काळ जवळ बाळगला. एखादी कल्पना खोटी ठरल्यावरही तिची अवजारे हातात राहतात, आणि अवजार हातात असले की हात त्याच कामाला लागतो. हे मी त्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्यांच्यासारख्या तीक्ष्ण बुद्धीचे जेथे असे झाले, तेथे तेनचे त्रिसूत्र बिनदिक्कत लिहून देणाऱ्या माझ्यासारख्याची काय कथा!

आणि तरीही त्यांच्या हाती लागले ते रिस्लेच्या विरुद्धच. 'हिंदू सोसायटी' या १९६१च्या पुस्तकात त्यांनी मांडले, की जात म्हणजे विस्तारलेला आप्तगट. एका नावाखाली येणारे निरनिराळे गट, मग ते ब्राह्मणांचे असोत की कुंभारांचे, एका मूळ जातीची शकले नसून पुष्कळदा स्वतंत्र उगमांचे असतात. व्यवसायाचे समान नाव त्यांना एकत्र दाखवते. म्हणजे 'ब्राह्मण वंश' असे काही नाही आणि 'कुंभार वंश' असेही काही नाही. आहेत ती सोयरिकीची वर्तुळे. मराठीतल्या जुन्या 'वंश' शब्दाला जे ठाऊक होते, तेथे मानवशास्त्र मोठा वळसा घेऊन परत आले.

यावर कोणी म्हणेल, की हे सारे जुने झाले, आता जनुकशास्त्राने निकाल दिला आहे. निकाल दिला आहे हे खरे, पण कोणता? रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ साली दाखवले, की मानवजातीतील जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता कोणत्याही एका लोकसमूहाच्या आतच असते. ज्यांना वंश म्हणतात त्यांच्यातील फरकाच्या वाट्याला जेमतेम ६ टक्के येते. समूहांत फरक नाहीत असा याचा अर्थ नव्हे. फरक आहेत, पण ते पायरीपायरीने बदलत जातात, आणि कातडीचा रंग एका दिशेने बदलतो तर रक्तगटांचे प्रमाण दुसऱ्या. भारतापुरते बोलायचे तर हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या आणि अमेरिकी संशोधकांच्या २०१३ सालच्या संयुक्त अभ्यासानुसार, साधारणपणे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथील समूह मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळत होते; जवळजवळ कोणीही त्यातून सुटले नाही. त्यानंतर मिसळणे थांबत गेले आणि गटांतर्गत विवाह रूढ झाला. मिसळलेला समाज आणि त्यावर नंतर बसलेले विवाहाचे कुलूप, या चित्राचा आराखडा १९१६ सालच्या निबंधात आहे. असे असूनही या संशोधनाच्या बातम्या आपण वाचतो त्या 'आर्य बाहेरचे की आतले' एवढ्यासाठीच. प्रयोगशाळा बदलली, आपण विचारत असलेला प्रश्न रिस्लेचाच राहिला.

हाच गोंधळ 'वांशिक' या विशेषणात आणखी वाढतो. इंग्रजीत 'रेशियल' आणि 'एथ्निक' असे दोन शब्द आहेत. मराठी वृत्तपत्रे दोहोंसाठी 'वांशिक' वापरतात. रवांडात १९९४ साली झालेला नरसंहार आपल्याकडे वांशिक ठरला, आणि २०२३ साली मणिपुरात पेटलेला हिंसाचारही. पण हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलतात आणि शतकानुशतके एकाच डोंगरावर शेजारी राहत आले. बेल्जियन राज्यकर्त्यांनी १९३०च्या दशकात त्यांच्या ओळखपत्रांवर गट छापले, आणि जी सीमा तोवर काहीशी लवचीक होती ती कागदावर पक्की झाली. १९९४ साली रस्त्यांवरच्या नाक्यांवर तीच ओळखपत्रे पाहून माणसे मारली गेली. मणिपुरातही मैतेई आणि कुकी दोघांच्या भाषा तिबेटी-ब्रह्मी कुळातल्याच आहेत. त्यांच्यातील भांडण जमिनीचे, आरक्षणाचे आणि सत्तेतील वाट्याचे आहे. नॉर्वेचे मानवशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ साली सांगितले, की असे समूह त्यांच्या आतल्या संस्कृतीच्या ऐवजामुळे टिकत नाहीत. ते टिकतात 'आम्ही' आणि 'ते' यांमधली सीमा सतत आखत राहिल्याने. या घटनांना आपण 'वांशिक' म्हणतो तेव्हा त्या सीमेला रक्ताचा रंग देतो, आणि जे माणसांनी घडवले ते निसर्गाने घडवले असे सुचवून बसतो. निसर्गाने घडवलेल्यावर उपाय नसतो, म्हणून चौकशीही थांबते.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. वंश नावाची वस्तूच नसेल, तर वंशभेदाविरुद्ध लढायचे कसे? २००१ साली दरबान येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा जातीचा प्रश्न तेथे न्यावा की नाही यावर आपल्याकडे मोठा वाद झाला. जात म्हणजे वंश नव्हे, ही शासनाची भूमिका होती. ज्येष्ठ समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेते यांनीही, शास्त्राने मोडीत काढलेली वंशकल्पना जातीच्या निमित्ताने पुन्हा उभी करू नका, असे बजावले. बेते यांची भीती खरी होती. पण दलित संघटनांचे म्हणणे वेगळे होते. त्यांना नाक मोजून हवे नव्हते. जन्मावरून होणाऱ्या अपमानाची दाद हवी होती. वंशभेदाविरुद्धच्या १९६५च्या आंतरराष्ट्रीय करारात 'रेस'च्या जोडीला 'डिसेंट', म्हणजे जन्माने आलेले कूळ, हा शब्द आहेच, आणि त्या करारावर देखरेख करणाऱ्या समितीने २००२ साली त्यात जातीवर आधारलेला भेदभाव येतो असे स्पष्ट केले. आपल्या संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदातही हे दोन शब्द वेगवेगळे येतात. वंश आणि कूळ यांतला फरक मराठीने गमावला असला, तरी कायद्याने तो जपला आहे.

येथे फुल्यांची अर्पणपत्रिका पुन्हा आठवते. अमेरिकेतील गुलाम आणि इथले शूद्रातिशूद्र एका रक्ताचे आहेत, असे त्यांना म्हणायचे नव्हते. त्यांनी साम्य पाहिले ते अन्यायाच्या रचनेत. म. ना. वानखेडे आणि जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख मराठीला करून दिली, १९७२ साली मुंबईतल्या तरुण लेखकांनी आपल्या संघटनेला 'दलित पँथर' हे नाव दिले, तेव्हा जुळलेले नातेही असेच होते. तेन म्हणतो ते रक्ताचे ऐक्य गंगेपासून हेब्रिडिजपर्यंत कोणाला सापडले नाही. पण अनुभवाचे ऐक्य पुण्यापासून अमेरिकेपर्यंत सापडले, आणि त्यातून साहित्यही आले. वंश खोटा आहे, वंशवाद खरा आहे. भूत नसते, पण भुताच्या भीतीने माणूस मरतो; आणि भुताच्या नावाने दुसऱ्याला मारणारेही असतात.

मग साहित्याच्या शिक्षकांनी करायचे काय? मला तीन साध्या गोष्टी सुचतात. पहिली, शब्द वेगळे करावेत. घराण्याच्या परंपरेसाठी 'वंश' किंवा 'कूळ' राहू द्यावा. 'रेस'साठी 'वंशकल्पना' म्हणावे, म्हणजे ती कल्पना आहे याची आठवण शब्दातच राहील. 'एथ्निक'साठी 'समूह' किंवा 'समूहभान' यांच्या आसपासचा शब्द वापरून पाहावा. 'वांशिक' हा सर्वांत आळशी पर्याय आहे. दुसरी, तेन शिकवताना त्याचे पहिले सूत्र कोणत्या शास्त्रावर उभे होते आणि त्या शास्त्राचे पुढे काय झाले, हे त्याच तासाला सांगावे. त्याच्या शेजारी १९१६चा निबंध ठेवावा. तो समीक्षेचा निबंध नाही हे खरे. पण कार्यकारणाचा क्रम कसा तपासावा, हे त्याच्याइतके स्वच्छ शिकवणारे लेखन विरळा.

तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. मराठी कथाकादंबरीतली माणसांची वर्णने पुन्हा वाचावीत. 'नाकीडोळी नीटस', 'खानदानी चेहरा', 'केतकी वर्ण', 'खाण तशी माती' असे शब्दप्रयोग आपण शैली म्हणून शिकवतो. यांपैकी पुष्कळ रिस्लेच्या आधीचे आहेत. त्यांचा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही. पण नीटस म्हणजे कोणाच्या मापाने नीटस, हा प्रश्न आपण विचारत नाही. एखादे पात्र त्याच्या जातीत 'न शोभणाऱ्या' रूपाचे आहे असे निवेदक म्हणतो, तेव्हा प्रत्येक जातीचे एक रूप असते हे त्याने आणि आपण दोघांनीही मान्य केलेले असते. हे निषेधाचे काम नाही, वाचनाचे काम आहे. आपल्या वर्गात सर्व रंगांची, सर्व नाकांची मुले बसलेली असतात. ईशान्येकडून पुण्यामुंबईला शिकायला आलेल्या मुलांना रस्त्यात काय नावांनी हाक मारली जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. आपण धडा वाचून दाखवताना प्रत्येक मूल आपले तोंड त्या वर्णनाशी ताडून पाहत असते. कोणी ते बोलून दाखवत नाही, एवढेच.

त्या विद्यार्थिनीने परीक्षेत तेनवरचा प्रश्न सोडवला होता. उत्तरात एक वाक्य होते, "वंश ही जातीहून मोठी गोष्ट आहे." माझेच वाक्य, माझ्याच शब्दांत. मी त्याला पूर्ण गुण दिले. आज ती भेटली तर सांगेन, की तिचा प्रश्न माझ्या उत्तराहून अधिक बरोबर होता. जात म्हणजे वंश नव्हे. पण आपल्याकडे वंश म्हणून जे दाखवले गेले, ते बहुधा जातीनेच घातलेले शास्त्राचे सोंग होते. गुण मात्र आता मागे घेता येणार नाहीत. आणि घ्यायचेच झाले, तर ते तिचे नव्हे, माझे घ्यावे लागतील.